यंत्राला घसारा, मुष्टियोद्ध्याला काय?

कारखानदार नवे यंत्र विकत घेतो, तेव्हा त्याच्या हिशेबनीसाला एक गोष्ट शिकवावी लागत नाही. यंत्र फिरू लागले त्या दिवसापासून ते झिजू लागले, आणि त्या झिजेची तरतूद दरवर्षीच्या उत्पन्नातून केली पाहिजे, हे त्याला ठाऊक असते. या तरतुदीला आपण घसारा म्हणतो. यंत्र मोडीत निघेल त्या दिवशी मालकाला हात चोळत बसावे लागू नये, एवढाच तिचा हेतू. ज्याचे शरीर हेच त्याचे एकमेव यंत्र आहे आणि ज्या यंत्राची झीज बहुतेक व्यवसायांपेक्षा अधिक वेगाने होते, त्या मुष्टियोद्ध्याच्या खतावणीत मात्र घसाऱ्याचा रकाना कोणी आखलेला नाही. तो विशीत बहरतो, तिशीत उतरणीला लागतो आणि पुढची तीस-चाळीस वर्षे सत्कारांच्या आठवणींवर व मदतीच्या अर्जांवर काढतो.

वय आणि मुष्टियुद्ध यांच्या नात्याविषयी जे लिहिले जाते, त्याचा सूर बहुधा ठरलेला असतो. अमुक एक विजेता होता. वय झाले तरी त्याला मोह आवरला नाही. थांबावे कधी हे त्याला कळले नाही. अखेर तरुण प्रतिस्पर्ध्याने त्याला लोळवले. दोष व्यक्तीच्या अहंकाराला दिला की विषय संपतो. प्रस्तुत लेखकाला हे निदान अपुरे वाटते. आपले पाय मंदावले आहेत हे प्रेक्षकांच्या आधी मुष्टियोद्ध्यालाच कळते. ते कळूनही तो थांबत नाही, कारण अनेकदा थांबणे त्याला परवडत नाही. म्हणून हा प्रश्न जितका शरीरशास्त्राचा आहे तितकाच अर्थशास्त्राचाही आहे.

आधी पाय, शेवटी ठोसा

प्रथम शरीराची बाजू पाहू. मुष्टियोद्ध्याची सारी कुवत एकाच वेळी ओसरत नाही. प्रतिस्पर्ध्याच्या खांद्याची हालचाल दिसणे आणि आपले डोके बाजूला होणे यांत जो निमिषमात्र काळ जातो, तो विशीच्या मध्यावर सर्वांत कमी असतो आणि पुढे हळूहळू वाढत जातो. ही वाढ सेकंदाच्या अगदी लहान अंशांत मोजावी लागते. कार्यालयात किंवा वर्गात तिचा कोणालाही पत्ता लागणार नाही. रिंगणात मात्र तेवढ्या अंशात ठोसा येऊन पोहोचलेला असतो.

दुसरी घट दमाची. कष्टाच्या वेळी शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते, यावर खेळाडूचा दम अवलंबून असतो. ही क्षमता साधारणपणे तिशीनंतर दर दहा वर्षांत सुमारे दहा टक्क्यांनी कमी होते. नियमित सरावाने घट मंदावते, परंतु थांबत नाही. तिसरी घट चपळाईची. जलद आकुंचन पावणारे स्नायुतंतू वयाबरोबर कमी होतात आणि त्यांचा आकारही घटतो. याउलट निव्वळ ताकद बरीच वर्षे टिकते. मुष्टियुद्धाच्या जगात जुन्या जाणकारांचे म्हणणेच आहे की, आधी पाय जातात आणि ठोशातला जोर सर्वांत शेवटी जातो. हलक्या वजनगटातील खेळाडू लवकर उतरणीला लागतात आणि जड वजनगटातील अधिक काळ टिकतात, याचे कारणही हेच. हलक्या गटाचे भांडवल वेग हे आहे. जड गटाचे भांडवल जोर.

याखेरीज आणखी दोन गोष्टी वयाबरोबर अवघड होत जातात. लढतीपूर्वी वजन उतरवून गटात बसणे विशीत जमते तसे तिशीनंतर जमत नाही. आणि जी दुखापत पूर्वी आठवड्यात भरून येई, ती महिना घेते. म्हणजे सराव कमी होतो, सराव कमी झाला की दम घटतो, आणि दम घटला की अधिक ठोसे बसतात.

या सर्वांहून गंभीर झीज मेंदूची. न्यू जर्सीतील विकृतिशास्त्रज्ञ हॅरिसन मार्टलंड यांनी १९२८ साली वैद्यकीय नियतकालिकात प्रथम लिहिले की, दीर्घकाळ ठोसे खाल्लेल्या काही मुष्टियोद्ध्यांची चाल अडखळते, बोलणे जड होते आणि बुद्धी मंदावते. त्यानंतरच्या संशोधनाने एवढे निश्चित केले आहे की, हे आघात बेरजेने वाढतात. एखाद्या गाजलेल्या लढतीतला एकच ठोसा येथे महत्त्वाचा नसतो. सरावातले, किरकोळ सामन्यांतले, कोणाच्याही लक्षात न राहिलेले हजारो ठोसे त्या बेरजेत धरावे लागतात. यंत्राच्या घसाऱ्याशी याचे साम्य स्पष्ट आहे. फरक इतकाच की, यंत्राचा सुटा भाग बदलता येतो.

अनुभवाची किंमत

यावर कोणी म्हणेल की, वय केवळ घेतच नाही, काही देतेही. हे खरे आहे, आणि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला ते चटकन पटावे. एक साधन महाग झाले की उत्पादक त्याच्या जागी दुसरे वापरतो. पाय महाग झाले की मुष्टियोद्धा डोके वापरतो. मुहम्मद अली हे त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात जाण्यास नकार दिल्यामुळे १९६७ ते १९७० अशी सुमारे साडेतीन वर्षे त्याला रिंगणाबाहेर काढावी लागली. पंचविशी ते अठ्ठाविशी हा शरीराचा सर्वोत्तम काळ. परतला तेव्हा त्याचे पाय पूर्वीचे राहिले नव्हते. तरीही १९७४ साली किन्शासा येथे बत्तिसाव्या वर्षी त्याने आपल्याहून सात वर्षांनी लहान व बलदंड जॉर्ज फोरमनला हरवले. दोरखंडाला पाठ टेकून त्याने फोरमनला ठोसे मारू दिले, दमवले आणि आठव्या फेरीत खाली पाडले.

जगाने त्या युक्तीचे कौतुक केले, आणि ते योग्यच होते. पण तिचा हिशेब पुरता मांडला गेला नाही. पायांनी चुकवता येणारे ठोसे अलीने त्या रात्री अंगावर घेतले होते. म्हणजे आजच्या विजयासाठी उद्याच्या शरीरातून उचल घेतली होती. पुढच्याच वर्षी मनिला येथे जो फ्रेझरविरुद्ध चौदा फेऱ्यांची भीषण लढत झाली, तेव्हा आणखी उचल झाली. त्याचे वैद्य फर्डी पाचेको यांनी १९७७ साली त्याला थांबण्याचा सल्ला दिला, आणि तो मानला न गेल्यामुळे त्यांनी त्याची साथ सोडली. २ ऑक्टोबर १९८० रोजी, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, सुमारे ८० लाख डॉलरच्या करारावर अली लॅरी होम्ससमोर उभा राहिला. त्यापूर्वीच्या वैद्यकीय तपासणीत बोलण्यातील जडपणा आणि शरीराचा तोल यांबद्दल शंका नोंदल्या गेल्या होत्या; तरीही नेवाडा राज्याने परवाना दिला. दहा फेऱ्यांनंतर त्याच्या प्रशिक्षकाने लढत थांबवली. १९८४ साली त्याला पार्किन्सनच्या विकाराचे निदान झाले. त्यात मुष्टियुद्धाचा वाटा किती, यावर वैद्यांत मतभेद आहेत. परंतु शेवटच्या काही लढतींनी त्याचे भले केले, असे कोणीही म्हणत नाही.

या करारात एकट्या अलीचेच हित गुंतलेले नव्हते. प्रशिक्षक, मदतनीस, दलाल, आयोजक, दूरचित्रवाणी कंपन्या, जुगाराची शहरे अशा साऱ्यांचे उत्पन्न त्याच्या शरीरावर चालत होते. शरीर त्याचे, उत्पन्न अनेकांचे आणि घसारा पुन्हा एकट्या त्याचा. बाजाराला आपल्या पद्धतीने चालू दिले की हिशेब असाच जुळतो.

जो लुईची कथा तर याहूनही उघड आर्थिक आहे. जवळजवळ बारा वर्षे जगज्जेतेपद टिकवून १९४९ साली तो सन्मानाने निवृत्त झाला होता. युद्धकाळात दोन लढतींची कमाई त्याने नौदल आणि भूदल यांच्या कल्याण निधींना दिली होती. पण डोक्यावर प्राप्तिकराची प्रचंड थकबाकी राहिली, आणि ती फेडण्यासाठी त्याला परत यावे लागले. १९५१ च्या ऑक्टोबरमध्ये, सदतिसाव्या वर्षी, अठ्ठावीस वर्षांच्या रॉकी मार्सियानोने आठव्या फेरीत त्याला दोरखंडाबाहेर फेकले. थांबावे कधी हे लुईला नक्की कळले होते. तो थांबलाही होता. त्याला परत आणले ते कर्जाने.

अपवाद म्हणून फोरमनचे नाव नेहमी पुढे केले जाते. किन्शासात हरलेल्या याच फोरमनने १९९४ साली, पंचेचाळिसाव्या वर्षी, आपल्याहून एकोणीस वर्षांनी लहान मायकेल मूररला दहाव्या फेरीत खाली पाडून पुन्हा जगज्जेतेपद मिळवले. पण हा अपवाद नियमच सिद्ध करतो. तोपर्यंतच्या फेऱ्यांत तो गुणांवर मागे होता, कारण पाय गेले होते; शेवटपर्यंत उरलेला जोर एका ठोशात कामी आला. शिवाय मधली दहा वर्षे, १९७७ ते १९८७, तो रिंगणाबाहेर धर्मोपदेशक म्हणून राहिला होता. म्हणजे त्या काळात त्याच्या शरीरावर रिंगणातला घसारा चढला नाही. सामान्य मुष्टियोद्ध्याला दहा वर्षांची अशी रजा कोण देणार?

चढता पगार, उतरता आलेख

आता हे चित्र आपल्या परिचयाच्या चित्राशेजारी ठेवून पाहावे. या लेखाच्या वाचकांपैकी बहुतेक शिक्षक, लिपिक किंवा त्या वाटेवरचे विद्यार्थी असतील. शिक्षकाला दरवर्षी वेतनवाढ मिळते. त्याचा पगार सर्वांत जास्त असतो तो नोकरीच्या शेवटच्या महिन्यात. त्याचे भांडवल ज्ञान आणि अनुभव यांचे आहे, आणि ते वापरल्याने वाढते. थिओडोर शुल्ट्झ आणि गॅरी बेकर या अर्थशास्त्रज्ञांनी मानवी भांडवलाची कल्पना मांडली, ती प्रामुख्याने अशा भांडवलाच्या संदर्भात. मुष्टियोद्ध्याचे भांडवल मात्र वापरल्याने झिजते, आणि जितके यशस्वीपणे वापरावे तितक्या मोठ्या प्रतिस्पर्ध्यांकडून ते झिजवून घ्यावे लागते. लिपिक ज्या वयात पहिल्या पदोन्नतीची वाट पाहत असतो, त्या वयात मुष्टियोद्धा निवृत्त झालेला असतो.

शासनाला हे ठाऊक नाही असे नाही. केंद्र शासनाने १९९४ साली गुणवंत खेळाडूंसाठी जी निवृत्तिवेतन योजना सुरू केली, तिची अटच अशी आहे की, खेळाडूने वयाची ३० वर्षे पूर्ण केलेली असावीत आणि तो स्पर्धात्मक खेळातून निवृत्त झालेला असावा. २०१८ साली सुधारलेल्या दरांनुसार ऑलिंपिक पदकविजेत्याला दरमहा २०,००० रुपये आणि आशियाई किंवा राष्ट्रकुल सुवर्णविजेत्याला १४,००० रुपये ठरले. तिसाव्या वर्षी निवृत्ती येते हे सत्य शासनाने लेखी मान्य केले, ही मोठी गोष्ट आहे. पण ही योजना पदकापाशी सुरू होते आणि पदकापाशीच संपते. राष्ट्रीय स्पर्धेत उपांत्य फेरी गाठलेल्या, राज्याचे पाच-सात वर्षे प्रतिनिधित्व केलेल्या मुष्टियोद्ध्याच्या डोक्यावर बसलेल्या ठोशांची संख्या पदकविजेत्यापेक्षा कमी असते असे नाही. किंबहुना कच्च्या बचावामुळे ती अधिकच असण्याचा संभव.

आणि पदकही नेहमी तारतेच असे नाही. २७ जानेवारी १९८० रोजी दिल्लीत मुहम्मद अलीशी प्रदर्शनी लढत खेळलेले कौर सिंग हे लष्करातील जवान. सैन्यात गेल्यावर, बऱ्याच उशिरा, ते मुष्टियुद्धाकडे वळले आणि १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत जड वजनगटाचे सुवर्णपदक त्यांनी मिळवले. अर्जुन पुरस्कार आणि पद्मश्री दोन्ही लाभले. तरीही २०१७ साली हृदयविकाराच्या उपचारासाठी त्यांना खासगी कर्ज काढावे लागल्याचे वृत्तपत्रांनी प्रसिद्ध केले, आणि मग मदतीचा ओघ सुरू झाला. २०२३ साली त्यांचे निधन झाले. वृत्त छापून येईपर्यंत देशाला ज्याची आठवण होत नाही, अशा व्यवस्थेला तरतूद म्हणता येणार नाही.

याच्या दुसऱ्या टोकाला मेरी कोम आहे. २०१८ साली दिल्लीत, छत्तिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, तिने सहावे जागतिक विजेतेपद मिळवले. टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ साली अडतिसाव्या वर्षी ती अगदी निसटत्या फरकाने हरली. पुढे गुडघा दुखावला आणि चाळिशीच्या नियमाने आंतरराष्ट्रीय हौशी स्पर्धांचे दार बंद झाले. तिला इतकी वर्षे टिकता आले त्याचे श्रेय तिच्या जिद्दीला आहेच; पण पाठीशी मणिपूर पोलीस दलातील नोकरी होती, हेही विसरता कामा नये. पुढच्या लढतीवर चूल अवलंबून नसली की खेळाडू निवडून लढतो, दुखापत भरू देतो आणि म्हणूनच अधिक काळ टिकतो. स्थिर उत्पन्नाने निवृत्ती सुसह्य होते. त्याचबरोबर भराचा काळही लांबतो.

पेटकरांचे उदाहरण

महाराष्ट्रापुरते पाहिले तर मुरलीकांत पेटकर यांचे आयुष्य हा या विषयावरील जणू भाष्यग्रंथ आहे. सांगली जिल्ह्यात १९४४ साली जन्मलेले पेटकर लष्करात मुष्टियोद्धे होते. मुष्टियोद्ध्याचे शरीर वय हप्त्याहप्त्याने नेते. पेटकरांचे १९६५ च्या युद्धातील गोळ्यांनी एकदम नेले. वयाच्या एकविसाव्या वर्षाच्या आत त्यांचे मुष्टियुद्ध संपले. इतरांना तिशीत पडणारा प्रश्न, म्हणजे हे शरीर आता त्या कामाचे नाही, तर पुढे काय, हा त्यांच्यापुढे विशीतच उभा राहिला. ते पोहण्याकडे वळले आणि १९७२ साली हायडेलबर्ग येथील पॅरालिंपिक स्पर्धेत ५० मीटर मुक्तशैलीत ३७.३३ सेकंदांचा जागतिक विक्रम नोंदवून त्यांनी सुवर्णपदक मिळवले.

त्यांच्या जिद्दीवर चित्रपटही निघाला. पण अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहण्यासारखी गोष्ट निराळी आहे. पदक मिळाले तेव्हा पेटकर सत्तावीस वर्षांचे होते. पद्मश्री मिळाली २०१८ साली, त्र्याहत्तराव्या वर्षी. आणि जीवनगौरव स्वरूपातील अर्जुन पुरस्कार हाती पडला २०२५ च्या जानेवारीत, ऐंशीव्या वर्षी. मधली साडेचार दशके त्यांना सांभाळले ते सन्मानाने नव्हे. पुण्यातील टेल्कोतल्या नोकरीने आणि त्यांच्या स्वतःच्या चिकाटीने ते काम केले. खाशाबा जाधवांची कथाही याच वळणाची. राजाराम महाविद्यालयाच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले, तेव्हा ते १९५२ साली हेलसिंकीला जाऊ शकले आणि सव्विसाव्या वर्षी, शरीराच्या ऐन भरात, कांस्यपदक घेऊन आले. पुढे गुडघा दुखावला. १९५५ पासूनची पोलीस खात्यातील नोकरी हाच त्यांचा आधार राहिला. अर्जुन पुरस्कार मिळाला तो १९८४ मधील मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी. आपला समाज खेळाडूला देत नाही असे नाही. देतो, पण जेव्हा हवे असते तेव्हा देत नाही, आणि देतो तेव्हा घेणाऱ्याची मूठ उघडण्याची शक्ती उरलेली नसते.

वस्तादाची जागा

जुन्या कुस्तीने हा प्रश्न आपल्यापरीने सोडवला होता, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. कोल्हापूरच्या तालमींत उतारवयाच्या मल्लासाठी एक मानाची जागा राखलेली असे. अंगातली रग ओसरली की तो वस्ताद होई. पोरांचे डाव पाहणे, कोणाला कोणाशी जोड द्यायची हे ठरवणे, खुराकावर लक्ष ठेवणे ही कामे त्याची. शाहू महाराजांच्या राजाश्रयाने मल्लांचे आखाडे उभे राहिले, तसेच त्यांचे म्हातारपणही काही अंशी निभावले. शरीर झिजले तरी अनुभव झिजत नाही, हे ओळखून त्या व्यवस्थेने अनुभवाला वेगळे काम दिले होते. राजाश्रय गेला, आणि त्याची जागा घेणारे फारसे काही आपण उभे केले नाही. आपल्या मुष्टियुद्धात तर अशी जागा परंपरेनेही नाही. प्रशिक्षकाची पदविका, ठरावीक जागा, कंत्राटी मानधन एवढ्यावर सारे थांबते.

हा प्रश्न मुंबई-पुण्याचा आहे, कुरखेड्यासारख्या जंगलातल्या गावाचा त्याच्याशी संबंध काय, असे कोणाला वाटेल. संबंध फार जवळचा आहे. नागपूरच्या अल्फिया पठाणने २०२१ साली पोलंडमध्ये युवा गटाचे जागतिक विजेतेपद मिळवल्यापासून विदर्भातील मुलींना हे रिंगण परके राहिलेले नाही. उद्या आमच्या गडचिरोलीतूनही कोणी तेथे पोहोचेल. रानावनात वाढलेल्या या मुलांच्या पायांत दम कमी नाही. पहाटे कुरखेडा ते वडसा रस्त्यावर पोलीस भरतीसाठी धावणारी मुले-मुली दिसतात. पुरुष उमेदवारांना १६०० मीटर धावणे आणि गोळाफेक, आणि वयाची मर्यादा खुल्या वर्गास २८, मागासवर्गीयांस ३३. त्या वयाच्या आत जमले तर अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंतची निश्चिंती, न जमले तर शेत, तेंदूपाने आणि बांबूतोड. बांबू तोडणाऱ्या मजुराच्या कमाईचा आलेखही मुष्टियोद्ध्यासारखाच असतो. फरक इतकाच की त्याच्या विशीतल्या भराला कोणी टाळ्या वाजवत नाही. शरीर विकून जगणाऱ्या प्रत्येकाचा प्रश्न मुष्टियोद्ध्याच्या रूपाने ठळक होऊन समोर येतो, म्हणून त्याचा विचार येथेही केला पाहिजे.

तरतूद कशी करावी

उपाय अवघड नाहीत. ते दानाच्या वहीतून काढून हिशेबाच्या वहीत आणावे लागतील, इतकेच.

पहिला उपाय अंशदायी निधीचा. प्रत्येक नोंदणीकृत मुष्टियोद्ध्याचे, तो क्रीडा प्रबोधिनीत दाखल होईल त्या दिवसापासून, भविष्यनिर्वाह निधीसारखे खाते असावे. शासन, संघटना आणि स्पर्धेचे प्रायोजक यांनी मिळून दरमहा १,००० रुपये त्यात भरावेत. सोळाव्या वर्षापासून तिसाव्या वर्षापर्यंत, म्हणजे चौदा वर्षे, भरणा होईल १ लाख ६८ हजारांचा. व्याजाचा दर सात टक्के धरला तर तिसाव्या वर्षी ढोबळमानाने २ लाख ८४ हजार रुपये जमतील. आणि रकमेला हात लावला नाही तर पंचेचाळिसाव्या वर्षी, जेव्हा जुन्या दुखापती खऱ्या अर्थाने बोलू लागतात तेव्हा, ती ८ लाखांच्या घरात गेलेली असेल. एका मोठ्या सत्कारसमारंभाच्या मांडवाला किती खर्च येतो, हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी ही रक्कम अवाजवी म्हणू नये.

दुसरा उपाय वैद्यकीय नोंदवहीचा. प्रत्येक लढत, प्रत्येक मार, प्रत्येक तपासणी तिच्यात लिहिली जावी. ती खेळाडूच्या मालकीची असावी आणि ठरावीक मर्यादेनंतर तिच्या आधारे परवाना नाकारला जावा. केवळ वयाची अट पुरेशी नाही. तिसाव्या वर्षी एखाद्याचा मेंदू पंचविशीतला असतो, तर दुसऱ्याचा पन्नाशीतला. मोजायचे असेल तर वर्षांबरोबर ठोसेही मोजले पाहिजेत.

तिसरा उपाय दुसऱ्या पेशाचा. महाराष्ट्र शासनाने खेळाडूंसाठी शासकीय नोकऱ्यांत पाच टक्के आरक्षण ठेवले आहे. राहुल आवारेसारख्या मल्लाला पोलीस उपअधीक्षकपद दिले आहे. हे स्तुत्य आहे. परंतु नोकरीचा लाभ घ्यायचा तर हातात पदवी हवी, आणि सरावाच्या नावाखाली आपण प्रथम बळी देतो तो शिक्षणाचा. प्रबोधिनीतील प्रत्येक मुलाने पंचविशीपर्यंत पदवी किंवा प्रशिक्षकाची पदविका मिळवलीच पाहिजे, आणि तालुक्याच्या प्रत्येक महाविद्यालयात निवृत्त खेळाडूसाठी प्रशिक्षकाची नियमित वेतनश्रेणीतील जागा असली पाहिजे. वस्तादाची जुनी जागा नव्या काळात अशी परत आणता येईल.

यावर एक आक्षेप येणार हे उघड आहे. ज्या जिल्ह्यात आजही उपचारासाठी रुग्णाला खाटेवर घालून मैलोगणती न्यावे लागल्याच्या बातम्या येतात, तेथे मुष्टियोद्ध्यांच्या म्हातारपणाची चिंता ही चैन नव्हे काय? आक्षेप प्रामाणिक आहे. पण येथे मागितले आहे ते अनुदान नव्हे. मुष्टियोद्ध्याच्या शरीरातून जे उत्पन्न निर्माण होते, तिकिटांचे, जाहिरातींचे, राज्याच्या आणि राष्ट्राच्या प्रतिष्ठेचे, त्यातला एक लहान हिस्सा ते उत्पन्न होत असतानाच बाजूला काढावा, इतकीच मागणी आहे. आज आपण तो काढत नाही, आणि वीस वर्षांनी त्याच्या अनेकपट रक्कम मदत म्हणून, गाजावाजा करून, देतो. कोणताही हिशेबनीस या व्यवहाराला तोट्याचाच म्हणेल.

वय कोणालाच चुकत नाही, आणि मुष्टियोद्ध्याचे वय इतरांपेक्षा लवकर येते, हे बदलणे कोणाच्या हाती नाही. मात्र त्या वयाला तो कोणत्या स्थितीत सामोरा जाईल, हे बरेचसे आपल्या हाती आहे. विशीतल्या खेळाडूच्या विजयाच्या मिरवणुकीत आपण सारे असतो. त्याच दिवशी त्याच्या नावाची खतावणी उघडून घसाऱ्याचा रकाना आखला, तर पस्तिशीत त्याला केवळ पोटासाठी रिंगणात उतरावे लागणार नाही. आणि तो तेथे उतरलाच, तर स्वतःच्या इच्छेने उतरेल.